रेघेच्या वर दोन हात

"वैनी, पिंप जरा खाली घेऊया का?"

मी स्टुलावर उभी राहून आढ्याच्या तुळईला दोरी बांधत होते. माझे धाकटे दीर, सम्मेदभाऊजी, खाली ते निळं पिंप दोन्ही हातांवर तोलून उभे होते.

"कशाला खाली?"

"रेघेच्या वर दोन हात, असा तुमचाच नेम हाय न्हवं? मग दोन हात हितंच भरत्यात की." त्यांनी हनुवटीनं भिंतीवरची, त्यांच्या डोक्यालगतची जागा दाखवली. "उगं आढ्याला टांगायचं, मग काढा-घालायला तरास."

मी रेघेकडे बघितलं. सोप्यातली, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीतली, भिंत दोनच दिवसांपूर्वी रंगवून झाली होती. दाराशेजारी नव्या पिस्ता रंगावर लाल ऑइलपेंटची ताजी रेघ होती आणि वर आकडा घातला होता, २०१९. मी स्टुलावरून उतरले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रेघ माझ्या कमरेला लागली.

एकोणीसच्या पुरात ह्याच सोप्यात पाणी माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं.

"भाऊजी, ही रेघ खाली आलीय."

"रेघ कशी खाली यील, वैनी? तुम्हीच उंच झाला असाल."

ते हसले, पण माझ्याकडे बघून नाही, पिंपाकडे बघून हसले. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला तिथंच कळलं.  मी परत स्टुलावर चढले, पिंप नेहमीच्याच जागी वर ओढून घेतलं आणि नेहमीपेक्षा एक गाठ जास्त मारली.

आमच्या घरात मला फौजदारीणबाई म्हणतात. दुकानदाराचा काटा असो, डेअरीतलं फॅट असो, की पोरीच्या वहीतला बाईंचा शेरा असो, पहिल्या बघण्यात मी काहीच खरं धरत नाही. माहेरीही अशीच होते. आई म्हणायची, हिला देवानं प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल. स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि मला तर औषध घ्यायचंही नाही.

आमचं आसदवाडी कृष्णेच्या वळणावर आहे. ऊस चांगला येतो, म्हशी चांगल्या पोसतात, आणि नदी मनात आलं की घरात येते. गावात घरोघरी सोप्याच्या भिंतीवर पुराची रेघ असते. पाणी उतरलं, गाळ काढला, की घरातल्या माणसानं भिंतीवरचा चिखलाचा डाग बघायचा आणि त्याच्यावर रेघ ओढायची. मग पुढच्या वर्षी कोठी कुठं ठेवायची, टीव्ही कुठं लावायचा, सगळं त्या रेघेवरून ठरतं. जोत्याजोत्यात फरक असतो, त्यामुळे प्रत्येक घरात रेघ वेगळी. आणि पुराचं सामान ठेवायचं ते रेघेच्या वर दोन हात सोडून. हा गावाचाच नेम. मी तो जरा जास्त पाळत होते एवढंच.

पिंप मी एकोणीसच्या पुरानंतर आणलं. लोणच्याच्या कारखान्यातून निघालेलं, घट्ट झाकणाचं, छोटं पिंप. कितीही धुतलं तरी त्याला कैरीचा वास येतोच. पण त्यात थेंबभर पाणी शिरत नाही, आणि सुटलं तरी तरंगतं. त्यात टॉर्च, काडेपेट्या, मेणबत्त्या, दोरीचं भेंडोळं, म्हशींची दावी कापायला विळा, रेशनकार्ड आणि उताऱ्यांच्या प्रती, तापाच्या गोळ्या, जुलाबाची पावडर, सगळ्यांचे एकेक जोड कपडे. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आक्कांची, त्यात वेगळी पुरचुंडी. आम्ही जैन. पूर येतो तो नेमका चातुर्मासात, आणि छावणीत जेवण कांदा-लसणाचं. मागं एकदा आक्का छावणीत तीन दिवस नुसत्या गुळावर राहिल्या होत्या. म्हणून त्यांच्यासाठी कडक भाकऱ्या, मुगाचे लाडू आणि पाणी गाळायचं फडकं. सगळ्यात वर, हात घातला की पहिल्यांदा हाताला लागेल असा, प्राचीचा दम्याचा पंप. एक नाही, दोन.

त्या दोन पंपांसाठीच खरं तर ते पिंप होतं.

एकोणीस साली पिंप नव्हतं, पत्र्याची ट्रंक होती. ती मी पाचाच्या, म्हणजे दोन हजार पाचच्या, पुराच्या रेघेवर दोन हात सोडून फडताळात ठेवायचे. पाचाची रेघ आमच्याकडे गुडघ्याला होती. माझ्या लग्नाआधी माझे वडील हे घर बघायला आले, तेव्हा त्यांनी आधी रेघ बघितली आणि मग माणसं बघितली. गुडघाभर पाणी म्हणजे काहीच नाही, जोतं उंच आहे घराचं, असं म्हणून त्यांनी सुपारी फोडली. मी दरवर्षी मृगाच्या आधी ट्रंक भरायची, आणि आक्का दरवर्षी म्हणायच्या, "माळ्यावर टाक की ती." मी म्हणायची, "आक्का, रेघ कुठं, ट्रंक कुठं." त्या गप्प बसायच्या.

त्या वर्षी सकाळी पाणी अंगणात होतं आणि दुपारी सोप्यात. हे म्हशी घेऊन हायवेकडं गेले होते. मी आधी धान्य वर नेलं, मग देव वर नेले. ट्रंकेची मला काळजीच नव्हती, रेघ तिच्यापासून दोन हात खाली होती. परत खाली आले तेव्हा फडताळ दिसतच नव्हतं. शेजाऱ्यांच्या स्लॅबवर आम्ही दीड दिवस होतो. प्राची सहा वर्षांची. पावसात भिजून तिला जो दमा लागला, तो दर तासाला वाढत गेला. तिचे ओठ निळे पडायला लागले आणि मी काहीही करू शकत नव्हते. आक्का तिला मांडीवर घेऊन पाठ चोळत होत्या. त्या दीड दिवसात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी सम्मेदभाऊजी छातीभर पाण्यातून, मग पोहत, तालमीतल्या पोरांच्या नावेपर्यंत गेले आणि त्यांच्याकडच्या औषधांतून पंप घेऊन आले. माझी पोर आज आहे ती त्यांच्यामुळे. हे मी कधी विसरले नाही, आणि त्यामुळेच पुढचं सगळं अवघड झालं.

जेवताना मी ह्यांना विचारलं. आमच्याकडे जेवणं दिवसाउजेडी होतात, त्यामुळे तोंडावरचे भाव लपत नाहीत.

"अहो, रेघ कुणी खाली घेतली?"

"कुठली रेघ?"

"सोप्यातली. दुसरी कुठली आहे?"

"रंगाऱ्यानं मारली असंल चुकून."

"एवढी मोठी चूक?"

"राजमती, परवा पाहुणे यायचेत. शिऱ्याला रवा हाय का बघ. रेघेचं नंतर बघू."

आमच्या घरात नंतर म्हणजे कधीच नाही. ह्यांनी आमटी भुरकली आणि ताटात बघत राहिले. म्हणजे ह्यांनाही माहीत होतं. निदान ह्यांनी ते बघितलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते.

पाहुणे म्हणजे मुलीकडचे. भाऊजींची तिशी उलटून गेली होती. देखणा गडी, निर्व्यसनी, पाच एकर बागायत, पण लग्न जमत नव्हतं. मुलीकडची माणसं यायची, ऊस बघायची, गोठा बघायची, मग सोप्यात येऊन भिंतीकडे बघायची आणि कळवतो म्हणून जायची. मुलगा चांगला आहे पण गाव पाण्यात आहे, असा निरोप यायचा. आक्का तो निरोप ऐकून चुलीपुढं जाऊन बसायच्या. ह्या वेळी मात्र मुलगी स्वतः घर बघायला येणार होती. आत्तापर्यंत कुणी तेवढंही केलं नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून मी आधी रंगाऱ्याकडे गेले. गुंडा रंगारी खालच्या आळीत एका घराला चुना देत होता.

"गुंडा, आमच्या सोप्यातली रेघ खाली का मारलीस?"

"म्या न्हाई मारली, वैनी." तो शिडीवरूनच बोलला. "पुराची रेघ रंगारी मारत न्हाई. ज्याच्या घरात पाणी आलं, त्यानं मारायची असती. म्या भिंत सारी एकसारकी करून दिली."

"जुनी रेघ पुसताना खूण ठेवली नाहीस?"

"ठिवतो म्हनलं हुतं. नगं म्हनलं तुमच्यातनं."

"कोण म्हणालं?"

गुंडानं चुन्याचा कुंचला बादलीत बुडवला. "तुमच्या घरातलं तुमी इचारा. मला फुडंबी तिथं रंगवायचं हाय."

म्हणजे घरातलंच कुणीतरी. कुंपणच शेत खात होतं.

घरी आल्यावर मी शोधायला लागले. लाल रंग लावायचा म्हणजे ब्रश लागणार, आणि ऑइलपेंटचा ब्रश पाण्यानं धुवून निघत नाही. माळा बघितला, न्हाणीघर बघितलं. शेवटी गोठ्यात, गव्हाणीच्या मागं, फुटक्या वाटीत रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश सापडला. रोज गोठ्यात दोघंच जातात. भाऊजी वैरण घालायला आणि आक्का धार काढायला. मी ब्रश हातात घेऊन उभी असतानाच आक्का चरवी घेऊन आत आल्या.

"आक्का, हा ब्रश कुणाचा?"

"म्हशीला इचार."

"रेघ तुम्ही मारली?"

"मी न्हाई मारली."

"मग कुणी मारली ते तुम्हाला माहीत आहे."

आक्का म्हशीखाली बसल्या. आक्का बुटक्या, एवढ्याशा, बसल्या की म्हशीच्या पोटाआड पार दिसेनाशा होतात. 

"राजमती, मला ह्यातलं काय इचारू नगंस," त्या म्हशीआडून म्हणाल्या. "माझ्या तोंडानं मी काय सांगू?"

माझी खात्री पटली. हात कुणाचाही असो, डोकं आक्कांचंच. पोराच्या लग्नासाठी त्या काहीही करतील असं मला वाटलं, आणि मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते, पण एवढा राग कधी आला नव्हता. प्राचीची पाठ चोळताना त्यांनी ते निळे ओठ बघितले होते. तरी त्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला खोट्या रेघेवर घरात आणायला निघाल्या होत्या.

आक्का चरवी घेऊन गेल्या आणि भाऊजी वैरणीचा भारा घेऊन आले. माझ्या हातातला ब्रश बघून त्यांनी भारा खाली टाकला.

"मीच मारली," ते म्हणाले. "आईला काय बोलू नका. तिनं बघितलं, पर ती काय बोलली न्हाई."

"का मारली?"

"का म्हंजे? तुम्हाला ठावं न्हाई व्हय?"

"मग रेघच पुसून टाकायची होती."

"रेघच न्हाई म्हणल्यावर लपिवताय म्हणतील. रेघ हाय, पर खाली हाय, म्हणजे इश्वास बसतो माणसाचा."

एवढा विचार केलेला होता.  भाऊजींसारखा सरळ माणूस असा हिशेब मांडतो, तर बाकीच्यांवर मी किती भरवसा ठेवायचा?

"वैनी, चार दिवसाचा परश्न हाय. लगीन झालं की मी सोता वर मारतो."

"आणि तिला काय सांगणार? पाणी तेवढ्यात वाढलं म्हणून?"

त्यांनी पडलेला भारा गव्हाणीशी ओढला. मग खाली बघत म्हणाले, "मी तुमच्याकडं कधी काय मागितलं न्हाई. तेवढं पिंप खाली घ्या. ते वर दिसलं की पाहुणं इचारत्यात. पाहुणं गेलं की परत टांगू."

त्यांनी पंपाची आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. न काढताच तो पंप आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"मी तोंड उघडणार नाही," मी म्हणाले. "हा शब्द दिला. पण पिंप खाली येणार नाही."

पाहुणे आले त्या दिवशी सकाळी पिंप खाली आलेलं होतं. मी स्वयंपाकघरात शिरा हलवत असताना कुणीतरी ते उतरवून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि वर पोतं टाकलं होतं. मी शिऱ्याचं पातेलं उतरवलं, हात धुतले, स्टूल घेतलं आणि पिंप परत आढ्याला टांगलं. हे पायरीवर बसून बघत होते.

"तू ऐकायची न्हाईस," हे म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

दुपार कलली तसे तिघं आले. मुलीचे वडील नेमिनाथ चौगुले, मुलीची आत्या, आणि मुलगी त्रिशला. मुलगी सावळी, शांत, पतसंस्थेत कामाला होती. चपला काढल्या त्याही तिनं भिंतीकडे सरळ लावून. मला ती बघताक्षणी आवडली. चौगुल्यांनी ऊस बघितला, गोठा बघितला, सोप्यात आले आणि अपेक्षेप्रमाणे भिंतीपाशी थांबले.

"एकोणीसला इथवर आलतं व्हय?"

"व्हय," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे कमरंला. आमच्या पाहुण्यांच्यात माळ्याला लागलं हुतं." त्यांनी समाधानानं मान हलवली. "जोतं उंच हाय घराचं."

तेच शब्द. माझे वडील ह्याच जागी उभे राहून तेच बोलले होते.  पण त्यांच्या वेळची रेघ तरी खरी होती, असं मी मनाशी म्हणाले आणि शिऱ्याच्या बशा पुढं केल्या.

सगळ्यांनी शिरा खाल्ला. आत्याबाईंनी आक्कांना गुडघ्यांचं विचारलं. हे दुधाच्या भावाबद्दल बोलत राहिले. भाऊजींच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आशा बघत होते. बघवत नव्हतं. त्रिशला मात्र खात नव्हती. तिची बशी मांडीवर होती आणि ती वर बघत होती.

"वैनी, त्या पिंपात काय हाय?"

"पुराचं सामान," मी म्हणाले.

"आणि आढ्याला कशापायी?"

"अगं, भिजू नये म्हणून," चौगुले म्हणाले.

"तसं न्हाई बाबा." ती उठून रेघेजवळ गेली. मग वर बघितलं, परत खाली बघितलं. "रेघ कमरंला, आणि पिंप आढ्याला. एवढ्या वर कोण टांगतं? पाण्यात उभं राहून काढायचं म्हणलं तर स्टूल पायजे, आणि स्टूल पाण्यात तरंगत असणार. कमरंएवढ्याच पाण्याला भिणारं माणूस असलं सामान छातीवर ठिवील, आढ्याला न्हाई. हे कुणी टांगलंय?"

"मी," मी म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा. पाणी कुठवर आलतं?"

 भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनवणी नव्हती, नुसती भीती होती. मी शब्द दिला होता. त्या पोरीनं माझ्यासारखाच संशय घेतला होता, माझ्यासारखीच ती भिंतीशी उभी होती, आणि मी तिच्यापुढं मुक्यासारखी बसले होते. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तेव्हा खांबापाशी बसलेल्या आक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत देत भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी हात वर केला. टाचा उचलल्या, तरी त्यांची बोटं दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीखालीच राहिली.

"माझा हात पोचत न्हाई," त्या म्हणाल्या. "राजमती, तुझा पोचतोय. दाव तिला."

मी जागची हलले नाही. "आक्का, मी भाऊजींना शब्द दिलाय."

"शबूद तू दिलास. मी न्हाई दिला. ऊठ."

मी उठले. पदर खोचला, भिंतीशी गेले आणि हात सरळ वर केला. चौकटीच्या वर वीतभर, गुळगुळीत पिस्ता रंगावर तळवा टेकवला.

"इथवर," मी म्हणाले.

चौगुल्यांनी कपबशी हळूच खाली ठेवली. भाऊजी उठून मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेले. माझा हात अजून वरच होता आणि तेवढ्यात आक्का बोलल्या. पाहुण्यांशी नाही, माझ्याशी.

"आनी पाचालाबी चौकटीलाच लागलं हुतं. तुझ्या वडलांस्नी दावली ती रेघ मी मारल्याली."

हात आपोआप खाली आला.

घरातल्या प्रत्येक माणसावर, प्रत्येक मापावर मी संशय घेतला होता. ज्या रेघेवर माझं लग्न ठरलं तिच्यावर मात्र कधी घेतला नाही. उलट तिच्यावर भरवसा ठेवून, तिच्यापासून दोन हात मोजून, मी दरवर्षी माझ्या हातानं पोरीचं औषध पाण्याच्या वाटेत ठेवत गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "ट्रंक बुडणार हे माहीत होतं."

"माळ्यावर टाक म्हणून सांगत हुते की दरसाली."

"का ते नाही सांगितलंत."

"न्हाई सांगितलं." आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. "तू घरात आलीस की वर घीन म्हणलं हुतं. तू आलीस. मग तुझ्या देखत रेघ वर कशी सरकवायची? आज सांगीन, उद्या सांगीन करत ऱ्हायले. तुझ्या मामंजींनी तोंड उघडलं न्हाई, मग ते गेले. तुझा नवरा, शांतिनाथ, तवा गुजरातेत कंपनीत हुता. सम्मेद मामाकडं शिकायला. ते आले तवर भिंत सारवून झाल्याली. मग घरात त्या रेघेचं खरं-खोटं ठावं असल्याली मी एकटीच ऱ्हायले. पोरीचा जीव घाबरा झाला तवा मला कळलं, मी काय करून ठिवलंय ते."

पाहुण्यांदेखत ही गोष्ट व्हायला नको होती. पण पाहुणे नसते, तर ती झालीच नसती.

चौगुले उठले, कळवतो म्हणाले. पुराच्या गावात कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आत्याबाईंनी आक्कांना नमस्कार केला. त्रिशला चपला घालताना माझ्याजवळ थांबली.

"पिंपात शिट्टी हाय का, वैनी?"

"नाही."

"एक घाला. हाका मारून माणसाचा आवाज बसतो."

आठवड्याच्या आत नकार आला. भाऊजींनी तो ऐकला आणि उसाला पाणी पाजायला गेले. दुसऱ्या दिवशी तोच ब्रश घेऊन त्यांनी दोन्ही रेघा वर मारल्या, एकोणीसची आणि आक्कांना विचारून पाचाचीही. दोन्हींत जेमतेम वीतभराचं अंतर आहे. माझ्याशी ते सहा महिने कामापुरतंच बोलले. पुढं बोलायला लागले, पण पूर्वीची चेष्टा गेली ती गेलीच. ह्याला आता काही वर्षं झाली. भाऊजी अजून तसेच आहेत. पाहुणे येतात, सोप्यात उभे राहतात, मान वर करून रेघ बघतात आणि कळवतो म्हणून जातात.

ह्यांनी मला शपथ घेऊन सांगितलं, पाचाच्या रेघेचं मला खरंच माहीत नव्हतं. मी ते खरं धरलं. म्हणजे निम्मं धरलं.

आक्कांशी मी त्या पावसाळ्यात बोलले नाही. त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, गुडघ्यांना तेल लावायची, पण बोलायची नाही. त्यांनीही एकदाही समजूत काढली नाही. त्या वर्षी नदी अंगणापर्यंत आली आणि परत गेली.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी सोप्यात पिंप रिकामं करून बसले होते. जुन्या काडेपेट्या काढल्या, नवीन भरल्या, पंपांवरची तारीख बघितली, शिट्टी दोरीला बांधली. आक्का कडक भाकऱ्यांचं फडकं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. किती तरी महिन्यांनी मी त्यांच्याकडे बघून बोलले.

"आक्का, माझ्या वडिलांना तेव्हाच खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

मी विचार केला. खरंच केला. प्राची शाळेतून येऊन आत गाणं म्हणत होती. परड्यात हे म्हशीला धूत होते. पाठीमागं दोन्ही रेघा होत्या.

"नसते आले," मी म्हणाले.

"म्हणून तर," आक्का म्हणाल्या, आणि फडक्याची गाठ मारून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.